करिअर फेअरला जाताना : डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी

करिअर फेअरमध्ये कंपनीचा प्रतिनिधी दिवसभरात कितीतरी विद्यार्थ्यांना भेटतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात. तयारी हे लक्षात ठेवूनच करावी.

आधी सहभागी कंपन्यांची यादी पाहून आपल्या कामाशी जुळणाऱ्या चार-पाच निवडा. जाहिरात संस्थेला कल्पना आणि मांडणी पाहायची असते. ॲप बनवणाऱ्या कंपनीला वापरणाऱ्याची अडचण तुम्ही कशी ओळखली आणि सोडवली, यात रस असतो. वस्तूंचे उत्पादन करणाऱ्या कंपनीत साहित्य, खर्च आणि जुळणी यांचे भान तपासले जाते. म्हणून पोर्टफोलिओतील प्रकल्पांचा क्रम कंपनीनुसार बदला.

प्रकल्प तीन-चारच ठेवा, पण ते पूर्ण असावेत. अंतिम चित्रासोबत कच्ची रेखाटने, फसलेले पर्याय आणि चाचणीनंतर केलेले बदलही दाखवा. विचार कसा झाला ते त्यातूनच कळते. गटात केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे स्पष्ट लिहा. इंटर्नशिपमधले काम दाखवण्यापूर्वी त्या कंपनीची परवानगी घ्या.

मेळाव्यात नेटवर विसंबू नका. पोर्टफोलिओची पीडीएफ टॅबलेटमध्ये उतरवून ठेवा, निवडक पाने छापून घ्या आणि एकपानी बायोडेटाच्या काही प्रती जवळ बाळगा. बायोडेटावर पोर्टफोलिओचा क्यूआर कोड दिला असेल, तर तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. प्रत्येक प्रकल्प मिनिटभरात सांगण्याचा सराव मोठ्याने करा.

भेटीनंतर लगेच प्रतिनिधीचे नाव आणि झालेले बोलणे टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या बोलण्याचा उल्लेख करून छोटी ईमेल पाठवा.