लेबलावरचे पाच मिलिवॅट

मोहोपाड्याच्या बाजारात खेळण्यांच्या ढिगातच हिरवा लेसर पॉइंटर मिळतो. वांगणीच्या आकाशदर्शनात तारे दाखवायला वापरतात तसाच. त्यावर बहुधा ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असे छापलेले असते. घरातल्या ९ वॅटच्या दिव्यापुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण दिव्याचा प्रकाश खोलीभर पसरतो. लेसरचा किरण डोळ्याचे भिंग दृष्टिपटलावर एका सूक्ष्म ठिपक्यात गोळा करते.

तेव्हा लेबल तपासायचे कसे? फोटोडायोड सहज मिळतो, पण या कामी एकट्या त्याच्यावर माझा विश्वास नाही. प्रत्येक रंगाला तो वेगळा प्रतिसाद देतो, आणि हिरव्या पॉइंटरच्या पोटात एकच रंग नसतो. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अवरक्त किरण देतो, एक स्फटिक त्यांपासून १०६४ नॅनोमीटरचे किरण तयार करतो, दुसरा त्यांची तरंगलांबी निम्मी करतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर येतो. उरलेले अवरक्त अडवायला गाळणी लागते. स्वस्त मालात नेमकी गाळणीच गाळतात!

उष्णता मात्र रंग विचारत नाही. तांब्याच्या छोट्या चकतीवर मी निरांजनाची काजळी धरली, मागे थर्मिस्टर आणि १०० ओहमचा रोधक चिकटवला आणि चकती थर्माकोलच्या डबीत बसवली. समोरच्या भोकातून किरण आत सोडायचा, तापमान स्थिरावले की नोंदवायचे. मग लेसर बंद करून रोधकातून वीज सोडायची आणि चकती तितकीच तापेपर्यंत दाब वाढवायचा. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते. १ व्होल्टला १० मिलिवॅट. माझ्या पॉइंटरला २.१ व्होल्ट लागले, म्हणजे सुमारे ४४ मिलिवॅट. जुन्या वेबकॅममधली अवरक्त अडवणारी काच मध्ये धरली, तर सुमारे २६. उरलेले १८ डोळ्यांना न दिसणारे. (तिन्ही तरंगलांबींसाठीचा संरक्षक चष्मा नसेल, तर हा प्रयोग करूच नये.)

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मापनसंस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे जाहीर केले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल्यांपैकी ४४ टक्के सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. मिरवणुकीतले लेसर याहून कितीतरी मोठे. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुण्यात दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे आले, ते त्या लेसरमुळे.

प्रखर हिरवा प्रकाश दिसला की पापणी पाव सेकंदात मिटते. अवरक्ताला ती मिटत नाही. म्हणून ‘मंद आहे, मुलाला खेळू दे’ हे म्हणणे मला भीतिदायक वाटते. थंडीत डायोडची तरंगलांबी किंचित सरकते आणि हिरवा प्रकाश उतरतो. जानेवारीतल्या एका पहाटे हाच पॉइंटर मी पुन्हा चकतीवर धरला. भिंतीवरचा ठिपका निम्म्याहून फिका होता. काच न लावता चकतीने दाखवले सुमारे ४० मिलिवॅट.