बिनबोलावलेले वऱ्हाडी आणि जळालेली गंजी



गोष्ट आमच्या तालुक्यातल्याच एका गावची. वैशाखातले लग्न, दारापुढे मांडव. वरातीत वाजंत्री सुरू झाली तशी शेजारच्या वस्तीवरची चार-पाच पोरे नाचायला घुसली. त्यांना कोणी अक्षता दिली नव्हती. मांडवात शोभेच्या दारूचे खोके उघडेच होते. पोरांनी त्यातले बाण काढून आडवे धरून सोडले. एक बाण पलीकडच्या काकूंच्या कडब्याच्या गंजीत गेला. घागरींनी पाणी ओतेपर्यंत गंजीची राख झाली.

काकूंच्या दावणीला दोन बैल आणि एक गाय. जनावरामागे दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरला, तरी हिरवा चारा येईपर्यंतच्या तीन महिन्यांना सोळाशे किलोंवर चारा हवा. तो आणायचा कोठून?

यजमान म्हणाला, "काकू, ती पोरं माझी पाव्हणी नव्हती. मी काय करू?"

काकू म्हणाल्या, "पोरं तुझी नसतील बाबा, पण दारू तुझीच होती ना?"

काकूंनी कायदा शिकलेला नाही, पण बोट नेमके ठेवले.

कायदा काय म्हणतो? पहिली जबाबदारी ज्याने नुकसान केले त्याची, मग त्याला आमंत्रण असो वा नसो. मुलगा अज्ञान असला म्हणून बाप आपोआप देणेकरी होत नाही. पण बापानेच हयगय केली असेल तर तोही सापडतो.

यजमानाचे काय? केवळ आपल्या मांडवात घडले म्हणून परक्याच्या कृत्याचा भार त्याच्यावर पडत नाही. मात्र धोक्याची वस्तू त्याने आणली, उघडी ठेवली, आणि गर्दीत कोणी ती पेटवील हे दिसत असूनही राखण ठेवली नाही, तर ती त्याची हयगय ठरते. मग 'मी बोलावले नव्हते' एवढे म्हणून सुटका नाही. दोघांच्या चुकीने एकच नुकसान झाले, तर दोघांकडूनही भरपाई मागता येते.

मुद्दाम किंवा नुकसान होणार हे ठाऊक असून केले, तर तो गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ खाली त्याला 'आगळीक' म्हणतात. आग लावून केलेल्या आगळिकीला शिक्षा अधिक कडक आहे. निव्वळ चुकून झाले तर आगळीक होत नाही. पण हयगयीबद्दल दिवाणी भरपाई मागता येते.

नुकसान झाले तर एवढे करा:

१. राख किंवा तुडवलेले पीक हलवण्याआधी फोटो काढा.

२. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजारी बोलावून लेखी पंचनामा करा, सह्या घ्या.

३. किती पेंढ्या, बाजारभाव काय, वाहतूक किती, हे त्याच दिवशी लिहा. कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

४. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

५. तडजोड होत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तेथे वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत झालेली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. पण तोवर साक्षीदार विसरतात, म्हणून उशीर नको.

आता यजमानांसाठी. शोभेची दारू कुलपात ठेवा, गंजी-गोठ्यापासून लांब उडवा, जवळ पाण्याची पिंपे भरून ठेवा आणि एका जाणत्या माणसाला त्यावरच नेमा. गाड्या कोणाच्या उभ्या पिकात लागणार नाहीत हेही पाहा.

काकूंचे प्रकरण कोर्टात गेले नाही. पंचनामा पक्का होता, म्हणून बैठकीत कोणाला नाकारता आले नाही. निम्मा कडबा यजमानाने दिला, निम्म्याचे पैसे पोरांच्या घरच्यांनी. शिवाय गंजी रचायला तीच पोरे आली. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "पुढच्या लग्नाला बोलावलं तरच जा रे!"