सायबोर्नचं वॉटर्लू

लंडनच्या चेल्सी भागातल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती आहे. जमिनीचे चढउतार, शेतं, झाडं, वाड्या आणि सुमारे 75,000 इवलेसे धातूचे सैनिक. वेळ 18 जून 1815च्या संध्याकाळी सातची. नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डचा शेवटचा हल्ला चढून येतो आहे.

हे उभं करणारा विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश अधिकारी स्वतः त्या लढाईत नव्हता. 1813मध्ये तो सैन्यात दाखल झाला, पण फ्रान्सला पोचला तोवर लढाई होऊन गेली होती. भूसर्वेक्षणात मात्र त्याचा हातखंडा. 1830मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी प्रतिकृतीचं काम सोपवलं, तेव्हा रणांगणावरच्या ला-हे-सेंतच्या वाडीवर मुक्काम ठोकून त्याने आठ महिने जमीन मोजली. पुढे सरकारने पैसे थांबवले. डब्लिनमधली नोकरी सांभाळून, पदरमोड करून त्याने काम रेटलं.

मला मात्र प्रतिकृतीहूनही मोलाची वाटते ती त्यासाठी केलेली विचारपूस. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रं धाडली: सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती? समोर शत्रूची कोणती फौज होती? शेतात पीक कोणतं होतं? पिकाचा हा प्रश्न एखाद्या सैनिकालाच सुचावा. शेतातलं राय धान्य माणसाच्या उंचीचं उभं आहे की तुडवून भुईसपाट झालं आहे, हे कळल्याशिवाय तिथल्या माणसाला काय दिसत होतं ते कसं कळणार? शेकडो उत्तरं आली.

पण पत्रं गेली ती अधिकाऱ्यांनाच. बंदूक धरून उभ्या राहिलेल्या साध्या शिपायाला कुणी विचारलं नाही, आणि ही उणीव मोठी आहे. आपल्याकडेही तेच झालं. वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन 1803मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या फौजेशी लढला होता. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. त्यांच्याबद्दल जे कळतं ते बहुतेक शत्रूच्याच लेखणीतून.

प्रतिकृती 1838मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये मांडली गेली. शिलिंग मोजून लोकांनी गर्दी केली, तरी सायबोर्नचा खर्च काही निघाला नाही. शिवाय त्याने वेलिंग्टनच्या मदतीला आलेली प्रशियन फौज रणांगणात बरीच आत आलेली दाखवली होती. विजयात वाटेकरी दिसावा, हे वेलिंग्टनच्या गोटाला रुचलं नाही. पुढे बऱ्याच प्रशियन आकृत्या काढून टाकायला सायबोर्न कबूल झाला. खर्चाने पिचलेल्या माणसाला दोष द्यायला जीभ रेटत नाही. पण त्या प्रशियनांनीही त्याच चिखलात रक्त सांडलं होतं.

सायबोर्न 1849मध्ये वारला. त्याच्या मुलाने 1891मध्ये त्या पत्रांतली निवडक पत्रं पुस्तकरूपाने छापली. त्यांत प्रशियनांना येताना पाहिलेल्या अधिकाऱ्यांचे शब्दही आहेत.