कालव्यावरची एक पहाट



दर अंकात आम्ही आपल्याला लागणीच्या तारखा, खताचे हप्ते आणि बेणेप्रक्रिया सांगून बेजार करतो. या वेळी एका पहाटेची हकीकत सांगणार आहोत, आणि ती मासे धरण्याची आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने गळ टाकून बसावे काय, असे कोणी विचारील तर खुशाल विचारावे. रविवार होता आणि आम्ही रजेवर होतो.

साल २०१७, महिना मार्च. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुरू होते. हा कालवा १८८५ सालचा. भाटघरचे पाणी नीरा नदीतून वीरला यायचे आणि तिथून सुमारे शंभर मैल बारामती-इंदापूरकडे वाहत जायचे. आपल्यापैकी कितीकांच्या आज्यांनी ऊस पाहिला तो या पाण्यामुळे. त्याच्या पाझराने ओढ्याकाठची रानं खारवट झाली हेही तितकेच खरे, पण तो विषय निराळा.

आदल्या दिवशी लागणीच्या नोंदी करत फिरताना आमचे एक जुने सभासद, त्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, बोलून गेले, “साहेब, उद्या पहाटं या. फाट्याच्या वरच्या अंगाला मरळ हाय.” आम्ही पाच वाजता पोहोचलो. अंधारात ऊसतोडीच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि टोळीच्या कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या. अण्णा आणि त्यांचा नातू आधीच येऊन बसले होते. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांडीचा तरंगा आणि डब्यात गांडुळे, एवढाच सरंजाम. गांडुळे अण्णांच्या खोडव्यातली. त्यांनी पाचट न पेटवता सरीत दाबले होते, म्हणून चार कुदळीतच डबा भरला. (शेजारच्या पेटवलेल्या रानात नातवाने अर्धा तास उकरले, दोन मिळाली. आम्हाला राहवत नाही म्हणून सांगितले.)

झुंजुमुंजू होईपर्यंत दोन चिलापी आणि हातभर लांबीचा एक रोहू बादलीत पडला. रोहू आमच्या गळाला लागला, हे नमूद करून ठेवतो. काठी अशी वाकली की आम्ही चप्पल सोडून चिखलात बसलो, आणि नातू हसून हसून बेजार झाला. मरळेचा मात्र पत्ता नव्हता.

मग अण्णांनी गळ नव्या जागी टाकला. तरंगा धारेबरोबर खाली जायला हवा होता. तो हळूहळू काठाकडे सरकला, भरावाला लागून उभा राहिला आणि जागच्या जागी फिरू लागला. आम्हाला वाटले, मासा चाळवतोय. अण्णा काठी खाली ठेवून उठले. “साहेब, मासा न्हाई ह्यो. पाणी आत वढतंय.”

भराव ओलांडून पलीकडे उतरलो. पायथ्याला मनगटाएवढी धार लागली होती. अण्णांनी ओंजळीत पाणी घेऊन उजेडाकडे धरले. पाणी गढूळ होते. निवळ पाणी पाझरले तर ते मुरून आलेले असते. गढूळ आले म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, आणि मग भगदाड पडायला वेळ लागत नाही. खालीच एका विधवा भगिनीची दीड एकर सुरू लागण होती, को ८६०३२, सोसायटीचे कर्ज काढून केलेली. शिवाय शेजपाळी टेलाकडून सुरू होती. कालवा फुटून बंद ठेवावा लागला असता तर शेवटच्या सभासदांचा ऊस ऐन उन्हात कोरडा राहिला असता.

इथे आमची चूक सांगितली पाहिजे. आम्ही धावत जाऊन बाहेरच्या तोंडावर दगड-माती दाबू लागलो. एका जागी धार थांबली, ती हातभर अंतरावर दुसरीकडून फुटली, आणि आधीपेक्षा मोठी. अण्णा ओरडले, “आतनं बुजवा, आतनं!” पदविका शेतकीची, त्यात भराव बुजवणे नव्हते.

नातवाच्या कमरेला दावे बांधले, दुसरे टोक आम्ही दोघांनी धरले. तो छातीभर पाण्यात उतरला आणि पायाने चाचपत राहिला. “सापडलं! पाय वढतंय!” असे तो म्हणाला तेव्हा आमच्या हाताला घाम सुटला होता. पोराचे वय अठरा. दावे आम्ही दोनदा मनगटाला गुंडाळले.

तोवर मोटरसायकलवरून पाटकरी आला. त्याने फोन करून वरच्या गेटातून पाणी कमी करवले. टोळीच्या मुकादमाने अर्धी भरलेली गाडी तशीच सोडली आणि सात-आठ माणसे पाचटाच्या मोळ्या घेऊन आली. बीडकडची माणसे, या कालव्याच्या थेंबावर त्यांचा हक्क नाही, तरी कोणी बोलवायच्या आत आली. ती भगिनी घरातली युरियाची रिकामी पोती घेऊन धावली आणि स्वतःच माती भरू लागली. आधी पाचटाचे वेटोळे भोकाच्या तोंडाशी दिले, पाण्याने ते आपसूक आत ओढून घेतले. त्यावर पोती, पोत्यांवर काळी माती, आणि नातू वरून तुडवतोय. सुमारे तासाभराने बाहेरची धार बोटाएवढी झाली, मग निवळ आली. तेव्हा कुठे अण्णांनी तंबाखूच्या चंचीला हात घातला.

दुपारी खात्याची माणसे मुरूम-माती घेऊन आली. उकरल्यावर खेकड्याचे बीळ निघाले, आतून कोपरभर रुंद झालेले. कालवा बंद करावा लागला नाही आणि टेलाची पाळी चुकली नाही. त्या भगिनीच्या पाच-सहा गुंठ्यांत मात्र गाळ बसून कोंब गाडले गेले. पुढच्या आठवड्यात रोपवाटिकेतली रोपे देऊन आम्ही नांग्या भरून घेतल्या. तिचा ऊस पुढच्या हंगामात वेळेवर तुटला.

बादलीची आठवण झाली तेव्हा नऊ वाजून गेले होते. चिलापी आणि आमचा रोहू, तिन्ही मासे अण्णांनी मुकादमाच्या कोपीवर धाडले. रोहूचे थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोला. त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा अण्णांबरोबर तिथे बसलो आहोत. तरंगा जरा काठाकडे सरकला की दोघेही उठून पलीकडे डोकावतो. मरळ अजून लागलेली नाही. अण्णा म्हणतात, पावसाळा लागू द्या, मग बघू.