मरणाऱ्या ताऱ्याची जबानी

दिल्लीत रात्री गच्चीवर जाऊन तारे मोजायला बसले, तर बोटे सहज पुरतात. दिव्यांचा झगमगाट, धूळ आणि धूर यांनी राजधानीचे आकाश पार पुसून टाकले आहे. तरीही फुटणाऱ्या ताऱ्यांची गोष्ट सांगताना दिल्लीला वगळून चालत नाही.

'कोठारी आयोग' म्हटले की शाळा, शिक्षक आणि परीक्षा आठवतात. पण या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी हे मुळात ताऱ्यांच्या पोटातल्या पदार्थाचे अभ्यासक! अलाहाबादेत मेघनाद साहांच्या हाताखाली शिकून ते केंब्रिजला गेले आणि १९३४ साली दिल्ली विद्यापीठात आले. प्रचंड दाबाखाली अणू कसे चिरडले जातात आणि त्यांतले इलेक्ट्रॉन कसे मोकळे होतात, याचे गणित त्यांनी मांडले. श्वेतबटू ताऱ्यांचा अंतर्भाग समजायला ते उपयोगी पडले. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या मर्यादेजवळ पोचलेला असा श्वेतबटू फुटतो, तेव्हा एक अतिनवतारा झळकतो.

रंगांची साक्ष

फुटलेल्या ताऱ्याजवळ कोणी जाऊ शकत नाही. मग तो का फुटला, हे कळते कसे? त्याच्या प्रकाशावरून! इंद्रधनुष्यासारखा प्रकाश पसरवला की वर्णपट मिळतो आणि त्यात रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, जणू बोटांचे ठसेच. या रेषांवरून ताऱ्याचे तापमान कसे ओळखायचे, त्याची किल्ली साहांनी १९२० साली दिली होती.

वर्णपटात हायड्रोजन दिसला तर तो दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा. असे स्फोट अवाढव्य तारे कोसळल्यामुळे होतात. हायड्रोजन नाही आणि सिलिकॉनची ठळक रेषा आहे, तर फुटला तो श्वेतबटू. ही रेषा तिच्या नेहमीच्या जागेवरून निळ्या बाजूला सरकलेली असते. किती सरकली, यावरून वेग निघतो: सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर! म्हणजे एका सेकंदात दिल्ली-मुंबई रेल्वे प्रवासाच्या सात खेपा.

श्वेतबटूंच्या स्फोटांचे तेज जवळजवळ सारखे करून मोजता येते, म्हणून ते अंतराची मोजपट्टी ठरतात. याच मोजपट्टीने १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे दिसून आले. २०११ साली त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले.

आठवडाभराची मुदत

१९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला हा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. बातमी जगभर पसरली आणि लडाखमधल्या हान्ले येथील दुर्बीणही लगोलग तिकडे वळली.

घाई कशासाठी? स्फोटापूर्वी ताऱ्याने आपले काही द्रव्य बाहेर फेकलेले होते. स्फोटाच्या झोताने ते उजळले आणि वर्णपटात बारीक, तेजस्वी रेषा उमटल्या. पण साधारण आठवडाभरात त्या पुसल्या गेल्या. तेवढ्यात कोणी पाहिले नसते, तर ताऱ्याच्या अखेरच्या दिवसांचा हा पुरावा कायमचा गेला असता. हान्लेच्या दुर्बिणीबरोबर अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहानेही हा स्फोट टिपला.

समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर असलेली हान्लेची हिमालयन चंद्र दुर्बीण दोन मीटर व्यासाची आहे. बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथे बसून शास्त्रज्ञ ती उपग्रहामार्फत चालवतात. शेजारीच आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची रोबोटिक दुर्बीण आहे. महाराष्ट्रातही जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या 'आयुका'ची दोन मीटरची दुर्बीण २००६ साली उभी राहिली. वर्णपट घेण्याची सोय तिथेही केलेली आहे.

अंधार जपणारे गाव

मंद प्रकाश टिपायचा तर आकाश काळेभोर हवे. म्हणूनच २०२२ साली हान्लेचा परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. गावकऱ्यांनी दिव्यांना आडोसे केले, खिडक्यांना जाड पडदे लावले. पाहुण्यांना तारे दाखवण्याचे काम आता गावातलीच माणसे करतात.

दिल्लीकरांना तसा अंधार मिळणे कठीण. पण गच्चीवरचा नको असलेला दिवा मालवणे तर हातात आहे. मुलांना चार तारे जास्त दिसतील, आणि कोण जाणे, त्यातूनच उद्याचा एखादा कोठारी घडेल!