चाड्यावरील मूठ आणि मेंदूचा निर्णय

मृग नक्षत्र लागले की, परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे लक्ष आभाळाकडे लागते. पहिल्या सरीवर पेरावे तर उघडीप पडून दुबार पेरणीचे संकट. थांबावे तर मूग-उडदाचा हंगाम हातचा जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज पेरणी करू नये, असा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. तरीही चाड्यावर मूठ केव्हा धरावयाची, हे अखेर शेतकऱ्यालाच ठरवावे लागते.

असा निर्णय घेताना मेंदू आधी अंदाज बांधतो व मग तो अनुभवाशी ताडून पाहतो. वोल्फ्राम शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये माकडांवरील प्रयोगांच्या आधारे हे विशद केले. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिन स्रवणाऱ्या पेशींची क्रिया वाढते. अपेक्षेप्रमाणे मिळाला तर ती बदलत नाही. अपेक्षित रस चुकला तर ती मंदावते. या पेशी लाभापेक्षा अंदाजातील चूक नोंदवितात, असे म्हणता येईल.

परंतु प्रत्येक चुकीसरशी बेत बदलणे इष्ट नव्हे. जूनमधील चार कोरडे दिवस ही नेहमीची उघडीप असेल, किंवा बिघडलेल्या हंगामाची नांदीही असेल. हा भेद करून जुना नियम सोडण्याच्या कामी कपाळामागील अग्रखंडाचा मोठा वाटा असतो. ब्रेंडा मिलनर यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णांना रंग, आकार वा संख्येनुसार पत्ते लावावयास दिले होते. दहा पत्ते लागोपाठ बरोबर लागले की, न सांगता नियम बदलला जाई. अग्रखंडाला इजा झालेले रुग्ण 'चूक' हा शब्द वारंवार ऐकूनही जुन्याच नियमाला चिकटून राहत.

निरोगी मेंदूलाही ओढाताण जाचते. तामिळनाडूतील ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी, पैशाची चणचण असताना, तेच शेतकरी बौद्धिक चाचण्यांत तोडणीनंतरच्यापेक्षा मागे पडले. हा दोष शेतकऱ्याच्या बुद्धीचा नव्हे, हे कार्यालयात बसून सल्ला देणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

पेरणीच्या दिवसांत बियाणे, खत व उसनवारी यांचा घोर एकदमच लागतो. म्हणून पाऊस लांबल्यास तूर, सूर्यफूल, बाजरी की एरंडी, याची चर्चा ग्रामसभेत मे महिन्यातच व्हावी आणि ठरलेल्या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवाव्यात.