पेसमेकर आणि हृदयाची लय

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या ज्येष्ठ भाविकांपैकी काहींच्या छातीत पेसमेकर आहे. ‘यंत्र बसविले, आता चिंता मिटली’ असे त्यांच्या मुखातून आम्ही अनेकदा ऐकतो. हा समज अर्धाच खरा आहे. म्हणून हे चार शब्द.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ‘सायनस नोड’ नावाचा पेशींचा पुंजका असतो. तेथून निघणाऱ्या विद्युत्स्पंदांमुळे विश्रांतीच्या वेळी हृदयाचे मिनिटास साधारणतः ६० ते १०० ठोके पडतात. हा पुंजका थकला, किंवा स्पंद खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासे झाले, की ठोके मंदावतात व भोवळ येते. पेसमेकर हृदयावर सतत लक्ष ठेवतो आणि ठोका वेळेवर न पडल्यास स्वतः स्पंद देतो. अतिवेगाने वा अनियमित पडणाऱ्या ठोक्यांना मात्र साधा पेसमेकर आवर घालीत नाही.

वरचे कप्पे थरथरू लागण्याचा ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा विकार पेसमेकर असतानाही होऊ शकतो. पुष्कळदा तो रुग्णास जाणवतही नाही. परंतु त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका संभवतो. अनेक यंत्रे त्याची नोंद ठेवतात, पण ती नोंद कोणी वाचलीच नाही तर उपयोग काय? तसेच खालच्या उजव्या कप्प्यातून वर्षानुवर्षे स्पंद दिले गेल्याने काही रुग्णांचे हृदय दुबळे होते. धाप लागणे, पायांस सूज येणे ही त्याची चिन्हे असू शकतात.

शरीरात पूर्णपणे बसविलेला जगातील पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लाभला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलीत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. यंत्राइतकेच हे निगराणीचेही फळ होय.

म्हणून भाविकांनी डॉक्टरांनी दिलेली तपासणीची तारीख चुकवू नये. मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजण्याची सवय ठेवावी. ती सतत फार मंद, फार जलद वा अनियमित आढळल्यास, अथवा भोवळ आल्यास, त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. मोबाइल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. देवस्थानांच्या प्रवेशद्वारी धातुशोधक चौकट असल्यास तेथे न रेंगाळता पुढे जावे आणि पेसमेकरचे ओळखपत्र सुरक्षारक्षकास दाखवावे.

श्रींची कृपा आहेच. तिच्या जोडीला आपली दक्षताही असावी, हीच प्रार्थना.